बगीचा ताणावर, आम्ही रत्नागिरीला



१५ एप्रिलला मृग बहाराच्या बगीच्याचं पाणी तोडलं. ठिबकचा व्हॉल्व्ह बंद केला आणि बाजूच्या खांबावर खडूनं तारीख लिहिली, दरवर्षी लिहितो तशी. यंदा तिच्याखाली आणखी एक तारीख लिहिली आहे, २ मे. त्या दिवशी सायंकाळी आम्ही घरची सहा माणसं विदर्भ एक्स्प्रेसनं समुद्र पाहायला निघणार आहोत. मी, बायको, मुलगा, सून, चौथीतली नात आणि साडेचार वर्षांचा नातू. मी सत्तावन्न वर्षांचा झालो. समुद्र पाहिला तो एकदाच, मुंबईला मोर्च्यात गेलो होतो तेव्हा, तोही गाडीच्या खिडकीतून. बायकोनं तेवढाही पाहिला नाही.

इथे आपण बहार, डिंक्या, बोंडअळी असं लिहितो, मग सहलीचं काय? पण मागच्या वर्षी या सहलीचा आणि बहाराचा असा काही घोटाळा झाला की वर्षभर डोक्यातून गेला नाही. म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात आमचं जाणं पक्कं होतं. नागपूरहून रत्नागिरीवरून मडगावला जाणारी विशेष गाडी होती, तिचं बुधवार २१ मेचं तिकीट हातात होतं. बायकोनं शंकरपाळे, शेव, चिवडा करून डबे भरले. पोरांसाठी पोहण्याचं रबरी चक्र आणलं. नातीनं ते घरातच फुगवून दोन दिवस गळ्यात घातलं होतं. आणि १९-२० तारखेपासून बातम्या सुरू झाल्या. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, कोकणाला मुसळधार पावसाचा इशारा. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी मान्सून २४ मेला केरळात आला आणि २६ मेला मुंबईत. इतक्या लवकर मुंबईत तो कधी आला नव्हता.

मी तिकीट रद्द केलं. घरी सांगितलं की पावसामुळे. ते खरं होतं, पण अर्धं. दुसरं असं की आमच्याकडेही आभाळ भरून येत होतं आणि बगीचा ताणावर होता. पाऊस पडला तर ताण तुटेल, मी घरी असायला पाहिजे, हे माझ्या डोक्यात आधी आलं. पोरांचं नंतर.

मग काय झालं? मी घरी राहिलो आणि पाऊस पडला तो पडलाच. दोन चांगल्या सरी आल्या. झाडं सोकायच्या आधीच ओली झाली आणि पंधरा दिवसांत लुसलुशीत नवती फुटली. फूल कुठे कुठे, दहा झाडांमागे एखाद्यावर. मी धुऱ्यावर छत्री घेऊन उभा होतो. उभा राहून मी काय थांबवलं? काहीच नाही. बहारही गेला आणि समुद्रही गेला. नात तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. बायकोनं डबे उघडून शेव गड्यांना वाटली आणि बॅग न उघडताच माळ्यावर टाकली. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढली तेव्हा त्यातलं रबरी चक्र घडीला घडी चिकटून बसलेलं होतं.

तेव्हाच ठरवलं की यंदा जायचं, आणि बहाराची आखणी करतो तशी आखणी करून जायचं.

पहिला प्रश्न, कधी? शाळेच्या सुट्ट्या आणि कास्तकाराच्या सवडी जुळत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीनची मळणी, कापूस फुटलेला, वेचणीला बाया मिळत नाहीत. नाताळात गहू-हरभऱ्याचं ओलित, त्यात रात्रीची लाइन. राहिला उन्हाळा. मुलगा म्हणे, आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, बाकी महाराष्ट्रात मध्यातच उघडतात, तर त्या मधल्या दिवसांत जाऊ, गर्दी नसते, खोल्या स्वस्त असतात. स्वस्त असतात त्याला कारण आहे. ७-१० जूनच्या सुमारास कोकणात पाऊस धरतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. जो समुद्र कोळ्याला नको, त्यात साडेचार वर्षांचं पोर घेऊन मी काय करू? शिवाय जूनमध्ये कपाशीची लागवड. कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी ओरडतो की १ जूनच्या आधी लावू नका, बोंडअळीला लवकर खायला मिळते. म्हणजे लागवड जूनमध्येच, आणि तेव्हा कास्तकार घराबाहेर नसतो.

म्हणजे मे. पण कोणता मे? यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, तो १५ जूनपर्यंत. अधिक महिन्यात लग्नं नाहीत, म्हणून सगळ्या सोयऱ्यांनी लग्नं त्याच्या आधी कोंबली आहेत. मी आधी म्हटलं, १७ नंतर निवांत जाऊ. बायको म्हणाली, "अहो, धोंड्याच्या महिन्यात जावई येईल, अनारसे कोण करीन?" तेही बरोबर. आणि गेल्या वर्षीचा २१ मे माझ्या डोळ्यासमोर होताच. राहिला मेचा पहिला आठवडा. १ मेला शाळेचा निकाल, २ ला निघायचं, ९ ला सकाळी परत. या आठवड्यात आमच्याकडे दोन लग्नं आहेत. दोन्हीकडे आधीच जाऊन अहेर देऊन आलो आणि कारण सांगितलं. एका ठिकाणी लोक हसले. हसू द्या.

आता यात संत्र्याचं काय बसतं ते पाहा. आंबिया बहारवाल्याला मे महिन्यात हलता येत नाही, झाडावर लिंबाएवढं फळ असते आणि ४४ अंशात एक पाळी चुकली तर गळ लागते. मृगवाल्याचं उलटं आहे. मध्यम जमिनीत महिना-सव्वा महिना, भारीत त्याहून जास्त, पाणी द्यायचंच नसते. वर्षात बगीच्याला माझी गरज नाही असे दिवस हेच. मला मात्र तीस वर्षं वाटत आलं की ताणाच्या दिवसांत तर रोज चक्कर मारलीच पाहिजे. चक्कर मारून मी पाहतो काय, तर झाड सोकलं का! ते माझ्या पाहण्यानं सोकत नाही.

तरी एक काम आधी केलं. ज्या आठ झाडांना डिंक्या आहे त्यांना मी ताण देत नाही. अशक्त झाडाला ताण दिला की ते बहार धरत नाही, वाळते. त्या आठांच्या फांदीला लाल चिंधी बांधली आहे, त्यांना हातानं पाणी घालायचं. बाकी झाडांची पानं दुपारी गुंडाळली तर घाबरायचं नाही. पहाटेही उकलली नाहीत तर मात्र हलकं पाणी सोडायचं. हे एवढंच कोणीतरी सात दिवस पाहायचं होतं, आणि दोन म्हशी. त्या कोणीतरीवर नंतर येतो.

कुठे जायचं यावर घरात आठ दिवस भांडणं. नातीला नागपूरच्या झिरो माईलचं शाळेत शिकवलेलं. ती म्हणे, "आबा, आपण मधोमध आहो तर समुद्र सगळीकडून सारखाच लांब ना? मग कुठेही चला." सुनेला मुंबई पाहिजे होती, मुलाला गोवा. मला रत्नागिरी. शहर मोठं नाही, भाषा आपली, आणि समुद्र शहराला लागून. पोरांना दाखवायला पुष्कळ आहे. लोकमान्य टिळकांचं जन्मघर आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा, इंग्रजांनी राज्य घेऊन त्याला इथे आणून ठेवलं, त्याच्यासाठी १९१० मध्ये बांधलेला राजवाडा आहे, १९१६ मध्ये तो इथेच वारला. मत्स्य संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, नातवाला तो दाखवायचा म्हणजे दाखवायचा. मिरकरवाड्याच्या बंदरावर सकाळी मासळी उतरते, मे महिन्यात होड्या चालू असतात म्हणून तेही पाहायला मिळेल.

आणि माझा स्वार्थ वेगळा. शहराला लागून भाट्ये इथे काजळी नदीच्या खाडीपलीकडे कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे. आणि हापूसच्या बागा. आपल्या नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हापूसला २०१८ मध्ये. मानांकन आपल्याला आधी मिळालं, पण पेटीवर नाव छापून विकायला ते पुढे गेले, हे मला जवळून पाहायचं आहे. तिकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि जमीन जांभ्या दगडाची, पाणी धरत नाही. आपल्याकडे हजार-अकराशे आणि काळी माती. तिथला माणूस आंब्याला फूल आणायला कल्टार देतो, आपण पाणी तोडतो. दोघंही झाडाला वाढ थांबवून फुलायलाच सांगतो. मुलाला मी म्हटलं, एक दुपार माझी. तो म्हणे, "बाबा, सहलीलाही वावरातच जाता तुम्ही." एक दुपार मात्र मिळाली.

या पानाचे एक वाचक तिकडे आंबा बागायतदार आहेत. फोनवर त्यांना विचारलं की पोरांना पाण्यात कधी न्यायचं. त्यांनी जे सांगितलं ते मला फार आवडलं, कारण त्याला पंचांगाशिवाय काही लागत नाही. तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि रात्रीही. त्याच्या सहा तास आधी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला. अष्टमीला सहा वाजता. रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते. शुक्ल असो की कृष्ण, हिशेब एकच. पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान. ते म्हणाले, घड्याळाच्या मिनिटाला बसणार नाही, पण पोरं सांभाळायला पुरते. मी पंचांग काढून बसलो. १ मेला बुद्ध पौर्णिमा. आम्ही ४ ला पोचतो ती तृतीया, ५ ला चतुर्थी, ६ ला पंचमी. म्हणजे उधाण उतरत चाललेलं आणि ओहोटी सकाळी नऊ-साडेनऊला. पोरांना आणखी काय पाहिजे? ऊन चढायच्या आत पाणी मागे गेलेलं, ओली वाळू मोकळी.

त्यांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. समुद्र पाय ओढतो, गुडघ्याच्या वर पाणी गेलं की मोठ्या माणसाचाही भरवसा नाही. विहिरीत पोहता येते म्हणून समुद्रात शिरू नका, बाहेरचे लोक तिथेच फसतात. आणि वाळूत गाडी उतरवू नका. भरती चढली की ट्रॅक्टर शोधावा लागतो. विहिरीचं मला बोलले असावेत, कारण मी फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की मी परसातल्या विहिरीत उडी मारत होतो.

५ मेची चतुर्थी मंगळवारी येते, म्हणजे अंगारकी. बायकोला हे कॅलेंडरवर दिसलं आणि तिनं जाहीर केलं की गणपतीपुळ्याला अंगारकीलाच जायचं. मी म्हटलं, लाखभर लोक येतील, पोरं हरवतील. ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत मी काय मांगतलं तुमाले?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हा असं ठरलं की ५ ला पहाटे निघून ती, मी आणि मुलगा दर्शन घेऊन येतो. तिथे डोंगरालाच प्रदक्षिणा घालतात. तिच्या गुडघ्याचं काय होईल ते होईल. सून आणि पोरं भाट्याच्या किनाऱ्यावर, पाण्यापासून लांब. पोरांचं पाण्यातलं खेळणं ६ ला सकाळी, सगळे सोबत असताना, आणि दोन पोरांमागे दोन माणसं, ज्यांच्या हातात मोबाइल नाही.

गाडीचं यंदा बदललं. विशेष गाडी मुदतीवर चालते, तिच्या भरवशावर राहायला नको वाटलं. म्हणून नागपूर ते कल्याण विदर्भ एक्स्प्रेस, तिथे साळीकडे एक दिवस मुक्काम, पोरांना आराम, आणि सोमवारी सकाळी ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेस. तिकीट आता साठ दिवस आधी निघते, पूर्वी एकशेवीस दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. म्हणजे होळीच्या दिवसांत पुरणपोळ्या चालू असताना मुलगा मोबाइल घेऊन बसला होता. पाच वर्षांखालच्या नातवाला तिकीट नाही, पण पाचाच्या वरच्या पोराला बर्थ पाहिजे तर पूर्ण भाडं लागते, नातीचं तसं काढलं.

खर्च चौतीस हजार धरला आहे. रेल्वे साडेसात, घरगुती निवासात दोन खोल्या तीन रात्री नऊ, फिरायला गाडी साडेतीन, खाणंपिणं आठ, आणि सहा हजार हात न लावायचे. पोरगं आजारी पडलं तर. हा पैसा बगीच्याचा नाही, गेल्या वर्षीच्या बहारानं काय दिलं ते वर सांगितलंच. बायकोनं दिवाळीपासून म्हशीचं दूध डेअरीला घालून डब्यात साठवलेला आहे. माझ्या नावावर या सहलीत एक पैसा नाही हे मी कबूल करतो.

आता म्हशी कोण पिळणार, झाडं कोण पाहणार?

सालगडी यंदा नाही. शेजारच्याचं स्वतःचंच आवरत नाही. एकच माणूस होता, माझा धाकटा भाऊ. त्याचं वावर धुऱ्याला लागून, विहीर सामाईक. आणि त्या विहिरीच्या पाळीवरून आणि मोटरच्या बिलावरून दोन वर्षं आमचं बोलणं बंद. घरच्या बायका बोलतात, पोरं खेळतात, आम्ही दोघं समोरासमोर आलो की एक जण आभाळाकडे पाहतो. खरं सांगायचं तर गेल्या वर्षी न जाण्याचं तिसरं कारण हेच होतं, त्याला विचारावं लागलं असतं.

एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी गेलो. तो वखर सोडत होता. मी धुऱ्यावर उभा राहिलो, काय बोलायचं सुचेना. म्हटलं, "मे मध्ये सात दिवस बाहेर जाऊन राहिलो."

तो बैलाचं दावं सोडत राहिला. म्हणाला, "मागच्या वर्षी गेले नाही म्हणे."

"पाणी आलं ना."

"पाणी तं इथंबी आलं."

मी काही बोललो नाही. मग त्यानंच विचारलं, "डिंक्यावाली किती हायेत?"

"आठ. लाल चिंधी बांधून ठेवतो."

"चिंधी कायले? विहिरीजवळची ओळ बाबांनी लावली, मी खड्डे केले. मले माहीत हाय कोणतं झाड कसं हाय ते." थोडं थांबून म्हणाला, "म्हशीचं हिले सांगतो. जा भाऊ तुम्ही. पण मोटरच्या बिलाचं मिटलं नाही अजून, हे ध्यानात ठेवा."

मी म्हटलं, आल्यावर बसू.

चिंध्या तरी बांधल्याच. त्याला राग आला असेल, माहीत नाही. परवा संध्याकाळी मी बगीच्यात गेलो तर तो माझ्या आधीच तिथे होता, तिसऱ्या ओळीत एका झाडाच्या बुडाशी बसून खोड पाहत होता. नववी चिंधी त्यानं बांधली. ते झाड मला सुटलं होतं.

तयारी अजून पुष्कळ राहिली आहे. नवीन रबरी चक्र आणायचं, पण ते वाळूवर खेळायला, पाण्यात त्याच्यावर विसंबायचं नाही असं त्या बागायतदारांनी सांगितलं आहे. ओआरएसची पाकिटं, कारण आपला उन्हाळा कोरडा, तिथे ३३ अंशातही घामानं माणूस भिजून जातो, पोरांना कळत नाही. नातवाला गाडी लागते, त्याच्यासाठी आवळा सुपारी. नातीनं एक रिकामी बाटली घेतली आहे, समुद्राचं पाणी आणून धाकट्या आजोबांना दाखवायला. धाकटे आजोबा म्हणजे माझा भाऊ.

एक अडचण सुटत नाही. सोमवारी सकाळी कल्याणहून ठाण्याला दोन पोरं, तीन बॅगा आणि बायकोचे गुडघे घेऊन लोकलच्या गर्दीत कसं शिरायचं? साळी म्हणते पहिल्या गाड्यांनी निघा, मुलगा म्हणतो रिक्षा करू. तुमच्यापैकी कोणाची माणसं तिकडे असतील तर विचारून मला सांगा. आणि बहाराबद्दल काही विचारायचं असेल तर १ मेच्या आत विचारा, २ ते ९ मी इथे नाही.